बंबाची नळी कुणाच्या हातात?

होळीला पिचकारी असते, फुगे असतात, रंग संपले की नुसत्या पाण्याची बादली असते. पण आगीचा बंब? १८०९ सालच्या होळीत एका महाराजांनी चक्क आग विझवायचा बंब आणवला. त्यात पिवळं पाणी भरलं, पाच-सहा माणसं तो दाबायला लावली आणि नळी स्वतःच्या हातात धरली. मग समोरच्या पाहुण्यांवर धार सुटली ती सुटलीच. पाहुणे होते ईस्ट इंडिया कंपनीचे इंग्रज अधिकारी, आणि महाराज होते दौलतराव शिंदे.

शिंदे म्हटलं की सगळ्यांना ग्वाल्हेर आठवतं. सुप्याच्या मुलांना मात्र एवढं लांब जायला नको. आपल्याच पारनेर तालुक्यात जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे. पलीकडे श्रीगोंद्यातही शिंद्यांचे वाडे आहेत. नगरचा भुईकोट किल्ला १७९७ पासून सहा वर्षं दौलतरावांच्याच ताब्यात होता. तेव्हा बंबवाले महाराज म्हणजे आपल्या भागाचे जुने शेजारी म्हणायला हरकत नाही.

या होळीची गोष्ट आपल्याला कळली ती टॉमस ड्युअर ब्रॉटन नावाच्या अधिकाऱ्यामुळे. शिंद्यांच्या दरबारी कंपनीचा एक वकील असे, त्याला रेसिडेंट म्हणत. त्याच्या संरक्षणासाठी जी तुकडी होती, तिचा हा प्रमुख. त्या वर्षी शिंद्यांचं लष्कर राजपुतान्यात फिरत होतं. तंबू, बाजार, हत्ती, तोफा, बायकामुलं, सगळं गावच्या गाव चालत होतं. ब्रॉटन त्यातून आपल्या भावाला पत्रं लिहायचा. त्या पत्रांचं पुस्तक १८१३ मध्ये लंडनला छापून आलं. पळसाच्या फुलांचं पाणी, शिंगाड्याच्या पिठाला लाल रंग देऊन केलेला अबीर, सगळं त्यानं बारकाईनं लिहून ठेवलंय. आपल्याकडेही माळावर पळस फुलतो तो होळीच्याच सुमाराला. त्याच्या पाकळ्या पाण्यात भिजवून ठेवल्या की पाणी केशरी-पिवळं होतं. करून बघा.

आता जरा थांबू या. या होळीत एक गंमत दडलीय, ती पटकन लक्षात येत नाही.

ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रजांनी नगरचा किल्ला दौलतरावांकडून जिंकून घेतला. पुढच्याच महिन्यात असईच्या लढाईत त्यांचा मोठा पराभव केला. म्हणजे होळीला समोर बसलेले पाहुणे हे जिंकलेल्या पक्षाचे होते, आणि यजमान हरलेल्या पक्षाचा. वर्षभर या पाहुण्यांशी जपून बोलायचं, त्यांचा मान ठेवायचा. पण होळीच्या दिवशी त्यांना नखशिखांत भिजवलं तर ते रागावूही शकत नाहीत! सण आहे ना! मला तर वाटतं, त्या दिवशी दौलतरावांनी बंबाची नळी दुसऱ्या कुणाला दिली नाही यात त्यांच्या मनातलं बरंच काही आलं. ते फक्त तीस वर्षांचे होते.

सणात देव असतो, खाणं असतं, मजा असते, आणि त्यात कायम एक प्रश्नही असतो: इथे मोठं कोण? आपल्या जत्रेत मानाची काठी असते, मानाची पालखी असते. नगरच्या विसर्जन मिरवणुकीत माळीवाड्याचा विशाल गणपती सगळ्यात पुढे असतो. कुणाची काठी आधी, कुणाचा ढोल पुढे, आरतीचं ताट पहिल्यांदा कुणाच्या हातात, हे गावातल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. जुन्या काळच्या छापील चित्रांमध्ये हाच प्रश्न गुपचूप सोडवलेला असतो. फक्त चित्र बघायची रीत माहीत हवी.

ब्रॉटनच्या पुस्तकात दहा रंगीत चित्रं आहेत. ती काढणाऱ्याचं नाव दीन अली. ब्रॉटननं पुस्तकाच्या पहिल्या पानावर फक्त ‘एका देशी चित्रकाराच्या चित्रांवरून’ असं छापलं. दीन अलीनं छावणीत बसून कागदावर चित्र काढलं. तो कागद समुद्रातून महिनोन् महिने प्रवास करत लंडनला गेला. तिथं एका कारागिरानं ते चित्र धातूच्या पत्र्यावर उतरवलं. छापखान्यात छाप निघाले. मग रंगारी बसले आणि एकेक प्रत ब्रशनं हातानं रंगवली. तेव्हा रंगीत छपाई अशी नव्हती, प्रत्येक पगडी वेगळी रंगवावी लागे.

मोजा किती हात लागले! आणि त्यातल्या बहुतेकांनी पगडी, पळस, पालखी यांतलं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पाहिलं नसलं की काय होतं, त्याचं एक नामी उदाहरण गोव्याकडचं आहे. यान हायघेन व्हान लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याला राहिला. तिथल्या आर्चबिशपच्या हाताखाली तो कारकुनी करत होता. परत गेल्यावर १५९६ मध्ये त्यानं आपलं प्रवासवर्णन छापलं, चित्रांसकट. त्यातल्या बाजाराच्या चित्रात छत्र्या, घोडे, पालख्या सगळं बऱ्यापैकी ओळखू येतं. पण एका चित्रात देवळातली मूर्ती आहे, ती बघून तुम्ही दचकाल. डोक्यावर शिंगं, तोंडातून लांबच लांब सुळे, पोटावर आणखी एक चेहरा आणि त्यालाही शिंगं-सुळे! असा देव आपल्याकडे कोणत्या देवळात आहे? लिन्सखोटेनला आणि त्याच्या कारागिरांना अनोळखी देव म्हटल्यावर त्यांच्या चर्चच्या चित्रांतला सैतानच आठवला. त्यांनी तोच काढला. पुस्तक खूप खपलं, इतर भाषांतही गेलं, आणि हजारो युरोपीय वाचकांना वाटलं की हिंदुस्थानात लोक याच्याच पाया पडतात. चित्र चुकलं की चूकही छापून निघते, आणि एकदा नव्हे, शेकडो प्रतींमध्ये निघते.

आता धातूच्या पत्र्यावर चित्र कसं ‘चढतं’ ते बघू. कारण मिरवणुकीत कोण ठळक आणि कोण पुसट, हे बरंचसं तिथंच ठरतं.

तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. टोकदार सुईनं त्या मेणात चित्र कोरायचं. जिथं सुई फिरली तिथं मेण निघून तांबं उघडं पडतं. मग पत्रा सौम्य तेजाबात, म्हणजे ॲसिडात, बुडवायचा. तेजाब मेणाला काही करत नाही, पण उघडं तांबं खातं. त्यामुळे रेघेच्या जागी बारीक चर पडतात. नंतर मेण पुसून काढायचं, चरांत शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची. ओलसर कागद त्यावर ठेवून दोन जड रुळांमधून काढला की कागद चरात शिरतो आणि शाई उचलतो. जेवढा वेळ पत्रा तेजाबात, तेवढा चर खोल, तेवढी रेघ काळी.

मग कारागीर काय करतो? जवळचा हत्ती, त्यावरची अंबारी, छत्र, चवरी यांच्या रेघांना पुन्हा पुन्हा तेजाब पाजतो. मागची गर्दी थोड्याच वेळात बाहेर काढून मेणानं झाकून टाकतो. छापात हत्ती काळाभोर, दमदार दिसतो. गर्दी धुक्यात गेल्यासारखी फिकी. अंतर दाखवायची ती एक युक्तीच आहे, आणि छान आहे. पण युक्तीचा परिणाम असा की धूळ खात पालखी उचलणारे भोई फिके, आणि अंबारीतला माणूस ठसठशीत!

पुढे १८४२ मध्ये लंडनला ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ नावाचं सचित्र साप्ताहिक निघालं. हिंदुस्थानातल्या दरबारांची, मिरवणुकांची, मोहरमच्या ताबुतांची चित्रं अशा साप्ताहिकांतून छापून येऊ लागली. त्यांना घाई असायची, बातमी शिळी व्हायच्या आत चित्र हवं. ही चित्रं लाकडात कोरत. लाकूड बॉक्सवुड नावाच्या झाडाचं, फार कठीण, पण खोड बारीक. मोठा ठोकळा मिळायचाच नाही. मग छोटे छोटे ठोकळे नट-बोल्टानं जोडून एक मोठा पाट करायचे आणि चित्र त्यावर काढायचे. काढून झालं की ठोकळे पुन्हा सुटे! प्रत्येक ठोकळा वेगळ्या कारागिराकडे, सगळे एकाच वेळी कोरायला बसलेले. एका रात्रीत मिरवणूक तयार. शेवटी ठोकळे परत जोडायचे आणि मुख्य कारागीर सांध्यांवरच्या रेघा जुळवून घ्यायचा.

अशी जुनी चित्रं भिंगातून बघितली तर कधी कधी गर्दीच्या मधून एक सरळ, केसासारखी पांढरी रेघ गेलेली दिसते. तो सांधा! तेवढ्यावरून कळतं की कुठला ठोकळा कुठे संपला.

आणि चेहरे बघा. चांगले चेहरे कोरणारे हात निराळे असत, आभाळ-झाडं-गर्दी कोरणारे निराळे. राजाच्या मिशा, साहेबाची टोपी, हत्तीच्या झुलेवरची वेलबुट्टी यांवर तासन् तास. मागच्या माणसांना मात्र एक गोल, त्यावर पगडीची वळणं, संपलं. एकच माणूस वीसदा काढलाय असं वाटतं. गर्दीत नाक-डोळे असलेला एखादा माणूस सापडला, तर चित्रकारानं त्याला खरंच बघितलं असणार, असं समजायला हरकत नाही. मी अशा चित्रात नेहमी आधी हा माणूस शोधते, आणि तो बहुतेक वेळा एखादं लहान मूल असतं. खांद्यावर बसलेलं.

पण थांबा, ही चित्रं नुसती फसवतात असं समजू नका. कधी कधी एखादी वस्तू जगातून निघून जाते आणि चित्र तेवढं राहतं.

पुण्याच्या शनिवारवाड्यात गणपती रंगमहाल नावाचा भला मोठा दिवाणखाना होता. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेला. पेशव्यांचा गणेशोत्सव तिथं व्हायचा, दरबारही तिथंच भरायचा. देवाचा उत्सव आणि राज्याचा कारभार एकाच छताखाली! १७९० मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे आणि इंग्रज यांचा तह झाला. पेशवा सवाई माधवराव तेव्हा सोळा वर्षांचा होता, म्हणजे आजच्या अकरावीतल्या मुलाएवढा. त्या दरबाराचं मोठं तैलचित्र टॉमस डॅनियल या चित्रकारानं लंडनमध्ये रंगवलं आणि १८०५ मध्ये पुरं केलं. ते रंगवलं दुसऱ्याच चित्रकाराच्या, जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. आणि वेल्स पुण्यात आला १७९२ मध्ये, तह होऊन गेल्यावर! त्यानं पुण्यात माणसं आणि जागा समोर ठेवून रेखाटनं केली आणि प्रसंग नंतर जुळवला गेला. १८०७ मध्ये चार्ल्स टर्नरनं या चित्राचे छाप काढले आणि ते विलायतेत घरोघरी टांगता येऊ लागले. चित्रात कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट पेशव्यांना तहाचा कागद देतोय. मॅलेटच्या बाजूच्या माणसांसाठी ते चित्र म्हणजे ‘बघा, मराठ्यांच्या दरबारात आम्ही कुठे पोचलो’ असं सांगण्याची सोय होती.

१८२८ मध्ये शनिवारवाड्याला आग लागली आणि आतले महाल जळून गेले. आज तिथं जोती उरली आहेत, वर आभाळ. सोळा वर्षांच्या त्या पेशव्याचा महाल कसा दिसत असेल हे बघायचं असेल, तर जे चित्र इंग्रजांनी आपल्या मोठेपणासाठी काढवून घेतलं तेच उघडावं लागतं.

आता एक कोडं. पत्र्यावर किंवा ठोकळ्यावर चित्र काढलं आणि कागदावर छापलं, तर कागदावर ते कसं उमटेल? सरळ? नाही! उलटं. आरशातल्यासारखं. अर्धा बटाटा कापून त्यावर ‘ग’ कोरा आणि शाईत बुडवून उमटवा, म्हणजे पटेल.

आणि यात आपल्याकडे केवढा घोळ होऊ शकतो बघा. रांजणगावचा महागणपती तुम्ही पाहिला असेल, सुप्याहून पुण्याकडे जाताना रस्त्यातच लागतो. त्याची सोंड डावीकडे वळलेली. अष्टविनायकांपैकी उजव्या सोंडेचा एकच, सिद्धटेकचा सिद्धिविनायक, तोही आपल्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक मानतात. आता एखाद्या कारागिरानं रांजणगावचा गणपती दिसतो तसाच शिळेवर काढला आणि छापला, तर कागदावर सोंड उजवीकडे! घेणाऱ्या आजी म्हणणार, हा नव्हे बाबा आमचा, याचं सोवळं मला झेपायचं नाही. राजा तलवार डाव्या हातात धरणार, पुजारी डाव्या हातानं प्रसाद देणार. म्हणून कारागीर समोर आरसा ठेवून, आरशात बघून चित्र उतरवत. उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं. एखाद्या जुन्या परदेशी छापात सगळीच माणसं डावखुरी दिसली, तर समजा की कुणीतरी आरसा विसरलं.

आत्ता मी ‘शिळेवर’ म्हटलं. हो, दगडावर! या सगळ्या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

१७९६ ते १७९८ या काळात आलॉइस झेनेफेल्डर या नाटककारानं जर्मनीतल्या म्युनिक शहरात एक शोध लावला. आपली नाटकं स्वस्तात छापता यावीत म्हणून त्याची खटपट चालली होती. त्यानं काय केलं, चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं लिहिलं. मग दगडाला डिंक आणि थोडं तेजाब लावलं आणि ओलं केलं. खरकट्या, तुपकट ताटावर पाणी ओतलं की ते जसं तुपावरून निसटून जातं, तसंच इथं होतं. खडूच्या रेघेवर पाणी थांबत नाही, बाकी दगड पाणी पिऊन बसतो. आता त्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवा. शाई ओल्या दगडाला नको म्हणते आणि तेलकट रेघेला बिलगते. कागद ठेवा, दाबा, झालं चित्र! ना कोरणं, ना चर. चित्रकार कागदावर काढतो तितक्या सहज दगडावर काढू शकतो. याला शिळाछाप म्हणतात.

तुम्ही म्हणाल, दगडाला काय तोटा? सुप्याच्या माळावर दगडच दगड आहेत! पण ते चालायचे नाहीत. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेला लाव्हा थंड होऊन बनलेला. त्यात स्फटिक असतात, हवेच्या बुडबुड्यांची भोकं असतात. तो तेलाशी आणि डिंकाशी चुनखडीसारखं वागत नाही. शिळाछापाला लागते अगदी बारीक, एकजीव कणांची चुनखडी, आणि तिची सगळ्यात नावाजलेली खाण होती जर्मनीतल्या झोल्नहोफेनला. हा दगड सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी उथळ, शांत समुद्राच्या तळाशी चिखल बसून बसून तयार झाला. चिखल इतका मऊ की त्यात पडलेल्या पिसांचेसुद्धा ठसे राहिले! १८६१ मध्ये तिथंच दात आणि लांब हाडाची शेपटी असलेल्या पुराणपक्ष्याचा जीवाश्म सापडला. त्याचं नाव ठेवलं आर्किओप्टेरिक्स लिथोग्राफिका. लिथोग्राफी म्हणजे शिळाछाप. छपाईच्या दगडाचं नाव त्या पक्ष्याला कायमचं चिकटलं.

घरी किंवा शाळेत शहाबादी फरशीचा एखादा फुटका तुकडा पडलेला असेल. तीही चुनखडीच. तिच्यावर लिंबाचे दोन थेंब टाका आणि भिंगातून बघा, बारीक बुडबुडे येतील. तेच थेंब माळावरच्या काळ्या दगडावर टाका. काही होणार नाही. (बसवलेल्या फरशीवर हा प्रयोग करू नका, डाग पडतो आणि तो जात नाही.)

शिळाछाप आला आणि चित्रांतलं राजकारण पालटलं. तांब्याचा पत्रा झिजतो, त्यामुळे प्रती थोड्या निघतात आणि महाग पडतात. दगडावरून हजारो निघतात. आणि मुख्य म्हणजे आता छापखाना लंडनलाच हवा असं राहिलं नाही. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा काढली. देवादिकांची चित्रं, शिवाजी महाराज, नाना फडणवीस, असे रंगीत छाप तिथून निघू लागले. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला, यंत्रं जर्मनीची आणि कारागीरही तिकडचे. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कमळावर उभी असलेली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, तुमच्या पणजीच्या देवघरातल्या तसबिरी, त्या बहुधा इथल्या किंवा इथल्यावरून नक्कल केलेल्या. रंगीत छापात प्रत्येक रंगाची शिळा वेगळी. एका चित्राला आठ-दहा किंवा त्याहून जास्त शिळा, आणि कागद तेवढ्याच वेळा दाबाखाली. एखादी शिळा किंचित सरकली की लक्ष्मीच्या ओठांचा लाल रंग गालावर!

आता चित्र काढणारे, छापणारे आणि विकत घेणारे सगळे इथलेच होते. दीन अलीला जी सोय नव्हती ती यांना मिळाली. चित्रात मोठं कोण, हे आता ते ठरवू शकत होते. पुण्यातले छाप सुप्यासारख्या गावातल्या घरातही भिंतीवर लागू शकत होते, तेही अशा घरात जिथं कुणालाच वाचता येत नव्हतं.

त्याच सुमाराला गणपतीही घरातून चौकात आला. १८९२ मध्ये भाऊसाहेब रंगारींनी पुण्यात जी मूर्ती केली, तिच्यात गणपती राक्षसाला मारतोय. पुढे लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक उत्सवाला ‘केसरी’तून बळ दिलं आणि १८९४ मध्ये विंचूरकर वाड्यात गणपती बसवला. राक्षस कोण, हे मूर्तीखाली लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती, बघणाऱ्यांना बरोबर कळत होतं. देवाच्या चित्रावर आणि उत्सवावर सरकारला बंदी घालणं अवघड, कारण धर्मात ढवळाढवळ केली असं झालं असतं. म्हणून जी गोष्ट भाषणात बोलली तर तुरुंग, ती देवाच्या पायाखालच्या राक्षसातून सांगता यायची. सरकारलाही हे उमगलं. १९१० च्या प्रेस कायद्यात फक्त लिहिलेला मजकूर नव्हे, चित्रंसुद्धा पकडीत येतील असं कलम घातलं गेलं. एवढं मोठं साम्राज्य आणि त्याला काळजी कसली, तर भिंतीवरच्या तसबिरीची!

सण म्हणजे एकाच धर्माचे असंही नाही. मराठ्यांच्या छावणीत मोहरमचे ताबूत बसत आणि हिंदू शिपाई-सरदारही फकीर होत, असं ब्रॉटननंच लिहून ठेवलंय. नगरचा मोहरम तर त्याहून जुना. सोळाव्या शतकात बुऱ्हाण निजामशहानं शिया पंथ स्वीकारला आणि बारा इमामांची नावं राज्यात मानानं घेतली जाऊ लागली. राजाचा निर्णय होता तो, सुलतानाचा शिक्का असलेला. निजामशाही जाऊन चारशे वर्षं होत आली, तरी नगरच्या कोठल्यातून इमामांच्या सवाऱ्या निघतात आणि त्यांना खांदा द्यायला सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात.

आता तुमचं काम. चित्रं बघायला लंडनला जायला नको, पुण्यालाही नको. गणपतीत किंवा नवरात्रात सुप्याच्या चौकात उभं राहा. नगर-पुणे रस्त्याच्या कडेला फ्लेक्स लागलेले असतील. फ्लेक्स हेसुद्धा सणाचं छापील चित्रच आहे, आपल्या काळातलं. घरच्या फोनवर त्याचा सरळ समोरून एक फोटो काढा. पडद्यावर पट्टी ठेवून देवाच्या चेहऱ्याची उंची मोजा. मग शुभेच्छा देणाऱ्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या चेहऱ्याची. मग खालच्या रांगेतल्या सगळ्यात छोट्या चेहऱ्याची. तीन आकडे वहीत लिहा. कोण मध्ये आहे, कोण कोपऱ्यात, कुणाचे हात जोडलेले आहेत आणि कुणाचा हात वर, बायका किती आहेत, वाजंत्री वाजवणारा एक तरी आहे का, हेही लिहा. दुसऱ्या मंडळाच्या फ्लेक्सचं असंच माप घ्या आणि शेजारी मांडा. वर्गातल्या पाच जणांनी पाच फ्लेक्स मोजले तर छान तक्ता होईल.

आणि अगदी जवळ जाऊन, भिंग लावून देवाचा गाल बघा. तिथं त्वचेचा रंग नसतोच! निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे एवढेच ठिपके असतात, बाकीचं आपले डोळे जुळवतात. रोजच्या वर्तमानपत्राच्या कडेलाही याच चार रंगांच्या बारीक खुणा सापडतील. छापणारे त्या बघून रंग एकमेकांवर नीट बसले की नाही ते ताडतात, रविवर्म्याचे कारागीर शिळा बसवताना ताडायचे तसंच.

मोजायचं असेल तर लवकर मोजा बरं का. विसर्जन झालं की आठ दिवसांत हेच फ्लेक्स कुणाच्या तरी कडब्यावर नाहीतर कांद्याच्या ढिगावर झाकलेले सापडतात, आणि मग कुणाचा चेहरा किती मोठा होता ते मोजायला तुम्हाला कांदे हलवावे लागतील.